सालोमेबाईंचा फोटोचा तास

फिलिपिन्समधल्या समार बेटावरच्या त्या कोळीवाड्यात सालोमे आब्रिगो बाई चौथीला वाचन शिकवायच्या. पण शुक्रवारी पुस्तकं बंद. त्या दिवशी पोरांनी घरून एक फोटो आणायचा. बहुतेकांकडे मयताचाच फोटो निघे. शवपेटीभोवती सगळं गोत दाटीवाटीनं उभं.

"यात कोण दिसत नाही?" बाई विचारत.

"पेपेमामा."

"मयताला आला नव्हता?"

"आला होता की! फोटो तोच काढत होता."

"मग लक्षात ठेवा. फोटो काढणारा कोण, त्याला काय हवंय आणि कडेचं काय त्यानं कापलंय, हे आधी विचारायचं. रडायचं ते मागाहून रडा."

त्या वर्षी वादळानं शाळेचं छप्पर नेलं, एक भिंत पाडली. भिंत गावानं परत बांधली. पत्रे एक संस्था देणार होती. त्यांना अहवालासाठी फोटो हवा होता. मनिलाहून फोटोवाला आला आणि गावचा कापितान, म्हणजे सरपंच, दोरो शहाळं घेऊन त्याच्या मागे मागे फिरू लागला.

फोटोवाल्यानं तीन पोरं निवडली, त्यांच्या चपला काढायला लावल्या आणि नवी भिंत टाळून त्यांना ढिगाऱ्यापुढे उभं केलं. तापल्या वाळूवर पोरं पाय उचलून उचलून ठेवत होती.

"हसू नका हं."

मधली मायलिन टुणकन बाजूला झाली. "मी नाही मधे! तिघांच्या फोटोत मधला आधी मरतो."

"मग तोतोय, तू ये."

"का? मी काय जास्तीचा आहे?"

सगळा वर्ग खिदळला. मायलिननं मात्र विचारलं, "साहेब, चपला का काढायच्या? आणि भिंत का नको? वाळू आम्ही वाहिली."

"बाई, समजवा यांना. हाल दिसले नाहीत तर पत्रे कोण देईल?"

कापितान बाईंच्या कानाशी लागला. "सालोमे, अगं, एका फोटोनं काय होतं? उद्या पोरं भिजतील ती तुझ्या शहाणपणापायी."

बाईंनी बिनछपराच्या वर्गाकडे पाहिलं. भिजणार पोरंच, त्यात खोटं काही नव्हतं.

"छप्पर गेलंय, कापितान. ते काढू दे त्याला, हवं तेवढं. चपला थोड्याच गेल्यात?" त्या पोरांकडे वळल्या. "घाला रे चपला. सगळे या. भिंतीपाशी."

फोटोवाल्यानं नाक मुरडून एकदा बटण दाबलं. "हा छापणार नाहीत."

"नका छापू."

पत्रे आले नाहीत. आईबापांनी खाडीतल्या निपा माडाच्या झावळ्यांनी छप्पर शाकारलं. ते गळायचं, आणि वर्ग बाकं ओढत कोरडा कोपरा शोधायचा. एकदा भर पावसात छत्री धरून कापितान दारात उभा राहिला.

"काय सालोमे, गळतोय ना तुझा ताठा?"

"गळतंय छप्पर," बाई खडू न थांबवता म्हणाल्या. "छत्री मिटा आणि शिडी धरा. तोतोयचा बाप वर चढलाय."