बिघाडाचं कारण

मी हॅलो म्हटलं, आवाज नीट आला, रिसीव्हर खाली ठेवला. आणि वहिनींनी तो माझ्या डोळ्यांदेखत पुसला. फडकं घेऊन. कानाची बाजू, तोंडाची बाजू, वायरसुद्धा.

त्याआधी मी त्याच ऑफिसात तीन फोन जोडले होते. तेव्हा नाही पुसले. तेव्हा चहापण आला होता, कपबशीतून. पुसायला लागल्या त्या गाव विचारल्यावर.

थांबा, नीट सांगते. घाईत टाइप करतेय, चुका होऊ द्या. आज नाही लिहिलं तर परत गिळून टाकेन.

मी फोनच्या लाइन टाकते. आयटीआय झालंय. नाशकात एका ठेकेदाराकडे सहा महिने ट्रायलवर आहे, त्यातले चारच दिवस उरलेत. ऑफिसात जायचं, केबल ओढायची, डबा बसवायचा. डबा म्हणजे एक्स्चेंज, बाहेरच्या चार लाइन आतल्या बारा टेबलांवर वाटतो तो. हे ऑफिस यात्रा कंपनीचं. कुंभ येतोय, बुकिंगचे फोन आवरेनात, म्हणून नवीन लाइन. मालक आणि त्यांची बायको दोघं बघतात. तिला सगळे वहिनी म्हणतात.

"आडनाव काय गं तुझं?"

सांगितलं. आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं, त्यामुळे त्यांचं भागलं नाही.

"गाव कुठलं?"

"निफाडजवळ."

"अगंबाई, आमच्या ओळखीचे आहेत तिकडे! गावात राहता की मळ्यात?"

तिसरी जागापण असते. विचारणाऱ्याला माहीत असते, म्हणूनच तर विचारतात.

"वस्तीत," मी म्हटलं.

"असं होय," वहिनी हसल्या. गोड हसल्या.

पुढचा चहा मला कागदी कपात आला. बाकी सगळ्यांना कपबशी. आणि मी काय केलं? प्यायले. लिहायला लाज वाटतेय, पण प्यायले. थँक्यू म्हटलं. बाराही फोन वाजवून दाखवले, कामाच्या कागदावर सही घेतली, निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. सर म्हणजे ठेकेदार.

"काय दिवे लावलेस? बाराच्या बारा बंद! ते म्हणतात शिकाऊ पोरगी पाठवली. बसवण्यात चूक निघाली ना, तर सोमवारपासून येऊ नको."

स्कूटीवर बदली डबा बांधून निघाले. रस्ताभर एकेक वायर आठवत होते. निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी. कुठं उलटी लागली? कुठं ढिली राहिली? बघा ना, पहिला संशय माझा मलाच आला.

झाकण उघडलं. वास आला. मी खेड्यातली आहे, तो वास कसला ते मला कुणी सांगायला नको. आत एक कोपरा जळून काळा. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर. आणि जाळीत अडकलेलं तुळशीचं पान.

चालू डब्यावर गोमूत्र शिंपडलं होतं. बारा फोनवरपण.

"हे काय?"

मालक म्हणाले, "जरा शुद्धी केली. नवीन वस्तू आली की करतोच आम्ही."

शेजारी दोन नवे कॉम्प्युटर. त्याच दिवशी आलेले, खोकी अजून कोपऱ्यात पडलेली. ते दुसऱ्याच माणसानं बसवले होते.

"यांच्यावर नाही केली?"

रिसेप्शनवरची मुलगी उगाच की-बोर्ड पुसत बसली.

"मनाला लावून घेऊ नको गं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या मुली किती पुढे चालल्यात आता, आम्हाला कौतुकच आहे."

तुमच्या.

सरांना फोन लावला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ओलावा लिही. डबा बदल. तुझी नोकरी राहील, त्यांचा मान राहील. विषय संपव."

आमच्या रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, बिघाडाचं कारण. एका ओळीचा. ओलावा तिथं मस्त बसला असता. खोटंपण नव्हतं. पण तो कागदी कप आठवला. तोपण असाच सोपा होता, नुसता उचलायचा आणि प्यायचा.

मी लिहिलं, "चालू एक्स्चेंजवर आणि फोनवर गोमूत्र शिंपडलं. वस्तीतल्या मुलीनं बसवले म्हणून." ओळ पुरली नाही, खालच्या रकान्यात गेले.

मालक लाल झाले. "हे खोड आधी. मी सही करणार नाही."

"मग नवीन डबा बसणार नाही."

"अगं, बुकिंग बंद पडलंय आमचं!"

"हो ना. कारण लिहिलंय वर."

"किती उर्मट आहे बाई!" वहिनी म्हणाल्या. कालची गोडी एका मिनिटात उतरली. बरं झालं, खरा आवाज तरी ऐकला. डबा उचलला, परत स्कूटीला बांधला. गाठ तीनदा सुटली.

घरी आईला फोनवर सांगितलं. "लिवायचं व्हतं ना ओलावा," ती म्हणाली. "तेवढ्यानं काय झिजली असती का तू?"

झिजलेच असते, आई. तू झिजलीस तशीच.

सरांचा अजून फोन नाही. रिपोर्टचा फोटो पाठवलाय, तो बघितलाय, उत्तर नाही. सोमवारी मी जाणार आहे, बोलावलं नाही तरी. तो बिनसहीचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवणार. मला काढायचंय? काढा. पण का काढलं ते कागदावर लिहून द्या, खाली सही करा.

आणि तिथंपण ओलावा चालणार नाही.