गेटवरचं ‘शॉर्टली’

संप चालू असताना लालबागला बाबांच्या मिलच्या गेटवर इंग्रजीत नोटीस लागली. बाबा विणकर. मी आठवीतली, म्हणून वाचायला मलाच पुढे ढकललं. मिल ‘शॉर्टली’ उघडेल, असं लिहिलं होतं. “म्हणजे लवकरच,” मी सांगितलं.

तेव्हापासून बाबा सूत कापायची आपली छोटी कात्री रोज सकाळी मोरीच्या दगडावर घासायचे. मिल उघडली की मिनिटभरही वाया जायला नको. वर्ष गेलं, मिल उघडली नाही. शेजारच्या खोलीतले काका बाबांच्या बाजूच्या मागावर काम करायचे. एकदा ते दारात उभे राहून हसले. “मिल संपली रे. तू घास, मरेपर्यंत घास.” बाबांनी तीच कात्री काकांच्या तळहातात आरपार घातली. रक्ताचं फडकं मी त्याच दगडावर धुतलं.

पुढे नोकरीला लागल्यावर दादरच्या लायब्ररीत मी त्या शब्दाचं कूळ काढलं. शॉर्टली आला शॉर्टवरून. शॉर्टच्या मागे जुनी इंग्रजी, तिच्या मागे इंग्रजी-जर्मनची आई, आणि सगळ्यांच्या तळाशी, जिथे आपली संस्कृतही जाऊन मिळते तिथे, एकच धातू. अर्थ, कापणे. आपली कात्रीही त्याच धातूची. मी कोश असा आपटला की अख्खी लायब्ररी माझ्याकडे बघायला लागली.

बाबांची कात्री पोलिसांनी त्याच दिवशी जप्त केली होती. दुसरी, नोटिशीतली, गेटवर लटकत राहिली, मिल पाडेपर्यंत.