क्ष शून्याहून मोठा

माझी नणंद शंकेखोर. कुलूप लावलं तरी चार वेळा ओढून बघणार, भाजीत मीठ घातलं तरी पुन्हा चव घेणार. "वन्सं, दुधाने तोंड न पोळताच तुम्ही ताक फुंकून पिता," म्हणून मी तिला चिडवायची. अशा बाईच्या हातून ती चूक व्हावी, याचीच मला अजून धडकी भरते.

आम्ही दोघी एकाच कचेरीत. ती यंत्रांच्या तोलाची गणितं करते, मी नकाशे काढते. आणि खिडकीखालच्या आवारात माझा नवरा, म्हणजे तिचा दादा, क्रेन चालवतो. तिच्या आकड्यांवर त्याचा डोळे झाकून विश्वास.

गणितासाठी संगणकात एक प्रोग्राम आहे. अक्षरांतलं समीकरण दिलं की अक्षरांतच सोडवून देतो. भलता हुशार, पण पक्का सांगकाम्या. त्या दिवशी सकाळी तिला एका दोराची लांबी काढायची होती. लांबी काही उणे नसते, म्हणून तिने त्याला सांगून ठेवलं, क्ष शून्याहून मोठा. मग तो उणे उत्तर दाखवत नाही, वगळलं असंही सांगत नाही. दोराचं काम संपलं, पण ती अट तशीच राहिली. प्रोग्राम बंद न करता तिने त्याच पानावर, खड्ड्यात टाकी उतरवणाऱ्या क्रेनचं समीकरण मांडलं. इथे क्ष म्हणजे क्रेनचा तोल मध्यापासून किती सरकला की ती उलटेल. पुढे सरकला तर अधिक, मागे सरकला तर उणे. उत्तर एकच आलं, पुढचं. दोन आली असती तर तिने दोन्ही तपासली असती. एकच आलं म्हणजे धोका पुढेच, असं समजून तिने क्रेनच्या पाठीवर आणखी वजनं चढवायला सांगितली.

जेवणानंतर सवयीने तिने प्रोग्राम नव्याने उघडून तेच समीकरण पुन्हा घातलं. मी पेन्सिलीला टोक करत होते.

"वहिनी, दोन आलीत."

"दोन काय?"

"उत्तरं. दादा मागे उलटेल गं! क्रेनचा हात उभा असताना टाकी जमिनीला टेकली, की पुढचं ओझं जाईल. मागची वजनं क्रेनला आडवी करतील."

मी खिडकीबाहेर पाहिलं आणि तोंडचं पाणी पळालं. हात जवळजवळ उभा होता. लोखंडी टाकी खड्ड्यावर लोंबकळत होती आणि हळूहळू खाली येत होती. फोन करून उपयोग नव्हता. क्रेनवाल्यांचे फोन फाटकावरच ठेवून घेतात.

आम्ही जिना उतरत धावलो. मी "थांबा, थांबा" ओरडत होते, पण इंजिनापुढे माझा आवाज कोण ऐकणार? इशारे देणारा माणूस आमच्याकडे पाठ करून हाताने 'खाली, खाली' सांगत होता. मी तिथेच थिजले. नणंद मात्र मला ओलांडून सरळ खड्ड्यात उतरली आणि टाकीखाली उभी राहिली.

टाकी थांबली.

इशारेवाल्याने शिव्यांची लाखोली वाहिली. "ठेवू नका!" ती खालूनच किंचाळली. "आधी क्रेनचा हात खाली घ्यायला सांगा! टाकी उचलली तिथेच परत न्या!" तिचा चेहरा पाहून तो वरमला. त्याने तिला बाहेर ओढलं आणि इशारा बदलला. टाकी पुन्हा वर गेली, क्रेनचा हात पुढे वाकत गेला, तसा त्याचा भार पुढे आला, आणि टाकी आपल्या जुन्या जागी टेकली. क्रेन जागची हलली नाही. तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

नवरा खाली उतरला तो घामाने निथळत.

"वर टाकी, आणि तू खाली? वेड लागलंय का तुला?"

"तू थांबशीलच ना, दादा."

"आणि मी पाहिलंच नसतं तर?"

ती खड्ड्याकडे बघत राहिली आणि एकाएकी मटकन खाली बसली. मी तिला कवेत घेतलं.

"वहिनी," ती पुटपुटली, "दादाला मी दिसेन का, ते मी तपासलंच नाही गं."