तात्यांच्या अंगठ्याचा खड्डा

मागच्या आठवड्यापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. सांगायला बसलो की जीभ टीव्हीच्या दुरुस्तीकडे वळायची. आताही तिकडेच वळतेय बघा. वळू द्या थोडी.

अंबाजोगाईत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही आले आणि माझं काम संपल्यात जमा झालं. मग वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलं — वडिलांचा जुना डबा टीव्ही माळ्यावरून काढून आणणारं. चालला नाही तरी चालेल म्हणतात, पण दिसला पाहिजे. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं, चहात बुडवल्यासारखं. मी ते पांढरं करतो. बारीक पॉलिश पेपर भिजवून घासायचं, पार्लरवाल्या केसांना लावतात ती क्रीम चोपडायची, वरून पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात, दिवसभर ठेवा. त्यांच्याकडे ऊन कसलं असतं देव जाणे! आमच्या बीडच्या उन्हात बघता बघता चट्टे पडतात. म्हणून मी पापड राखणाऱ्या बाईसारखा शेजारी बसतो आणि सारखा फिरवत राहतो.

या कामाचा मला गर्व होता. होता कशाला म्हणू — आहे. सगळं तिथूनच सुरू झालं.

युसूफ वडगावच्या कमलमावशी आणि त्यांचा मुलगा मिलिंद एका उन्हाळ्यात टीव्ही घेऊन आले. मावशींचे यजमान, तात्या, वारले होते. मिलिंद पुण्यात नोकरीला. “काका, एकदम नवा दिसला पाहिजे,” एवढं म्हणून तो गाडी सावलीत लावायला गेला. तेवढ्यात मावशींनी टीव्हीच्या माथ्यावरचा एक खड्डा मला दाखवला.

त्यांच्या वस्तीतला तो पहिला टीव्ही. बुद्ध पौर्णिमेला सगळी वस्ती अंगणात बघायला बसली आणि लाइट गेली. तात्यांनी टीव्हीवरच मेणबत्ती उभी केली आणि गप्पांत विसरले. मेणबत्ती तळाला गेली, खालचं प्लास्टिक मऊ पडलं. हे काय झालं म्हणून तात्यांनी अंगठा दाबून पाहिला — आणि बोंबलत उठले. अंगठ्याला फोड, टीव्हीला खड्डा, वस्ती हसून लोटपोट. मावशी धूळ पुसताना त्या खड्ड्यात आपला अंगठा ठेवायच्या. बरोबर बसायचा.

“समदं चमकव बाबा,” मावशी म्हणाल्या, “पर एवढं राहू दे.” मी हो म्हणालो.

मग काय केलं मी? टीव्ही असा उजळला की माझाच विश्वास बसेना. आणि त्या पांढऱ्याशुभ्र माथ्यावर तो खड्डा — देवीच्या व्रणासारखा. दुकानात लोक येणार, बघणार, म्हणणार, याला एवढं भरता आलं नाही? मी भंगारातल्या प्लास्टिकचा चुरा थिनरमध्ये कालवला आणि खड्डा भरला. घासून सपाट केला. मग मोबाइलवर फोटो काढला आणि आधीच्या फोटोशेजारी लावला.

मावशी टीव्ही न्यायला आल्या. अंगठा माथ्यावरून इकडून तिकडे फिरला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा एक शब्द पुरला असता — चुकलो. पण मी म्हणालो, “मिलिंदचा फोन आला होता. तोच म्हणाला, भरून टाका.”

इतकं सहज निघालं तोंडातून. मावशींनी तिथूनच त्याला फोन लावला. “कावून केलंस रे असं? बापाचं एवढंबी ठिवलं न्हाईस?” तो नाही नाही म्हणत असणार. “कारागीर मानूस कशाला खोटं बोलंल?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मिलिंदचा मला फोन. काका, मी असं कधी म्हणालो? आणि मी — चोराच्या उलट्या बोंबा — त्याच्यावरच आवाज चढवला. नवा दिसला पाहिजे असं कोण म्हणालं होतं? तो हळूच म्हणाला, “माझ्याच ध्यानात नसंल.” हे वाक्य मला अजून झोंबतं. मी त्याला त्याच्याच मनात खोटं पाडलं होतं.

नंतर वडगावचं कुणी ना कुणी दुकानात सांगायचं. मावशी पोराचा फोन उचलत नाहीत. जयंतीला तो येतो, त्या ताट वाढतात, बोलत नाहीत. मी ऐकायचो आणि घासत राहायचो. किती वर्षं? काही उन्हाळे तरी गेले.

मागच्या आठवड्यात एकाने टीव्ही आणला. कडेला लहानपणी पिनेने कोरलेलं बहिणीचं नाव होतं. तो म्हणाला, एवढं राहू द्या. मी हो म्हणालो आणि माझा हात काही चालेना. चार दिवस तो टीव्ही तसाच पडला. शेवटी शटर ओढलं आणि वडगावची जीप धरली.

मावशी दारात तूर निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फोन आला नव्हता. मिलिंद काहीच म्हणाला नव्हता. त्यांचा हात सुपातच थांबला. मग म्हणाल्या, “इसरला असशील बाबा. कामाच्या गडबडीत.”

पळवाट समोर उघडी होती. किती मोठ्या मनाची बाई! “न्हाई मावशी,” मी म्हणालो, “ध्यानात होतं. तरी भरला.”

खड्डा पुन्हा उकरता येईल का, हे त्यांनी विचारलं नाही. येत नाही. प्लास्टिक प्लास्टिकमध्ये विरघळून एक झालंय.

“लाव फोन त्याला,” मावशी म्हणाल्या. “तूच सांग.”

मी माझ्या मोबाइलवरून लावला, सांगितलं. मिलिंद म्हणाला, “आई हाय का तिथं? द्या तिला.”

मावशींनी पदराला हात पुसले, मोबाइल कानाला लावला. म्हणाल्या, “जेवलास का रे?”

मी चपला घातल्या आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. शेवटची जीप निघून गेली. मोबाइल माझा होता, पण मागायला गेलो नाही. दारात मावशी हसत हसत त्याला तात्यांचा अंगठा भाजल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगत होत्या.