कूस बदलण्याचं प्रकरण

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं हॉस्पिटलात आया होत्या. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणायचे, त्यांच्याहून मोठे पेशंटसुद्धा. निवृत्त झाल्यावर चार दिवस त्यांनी घरातली कपाटं आवरली. पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "तुला टायपिंग येतं ना? मला पुस्तक लिहायचंय."

मला वाटलं, आठवणी असतील. कसल्या आठवणी! अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरच्यांनी कसं सांभाळायचं, त्याचं पुस्तक. पेशंटला न उठवता चादर कशी बदलायची, पाणी पाजताना मान कशी धरायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची. त्या बोलत गेल्या, मी टाइप करत गेले. शंभर पानं झाली. ती एका प्रकाशकाला पाठवली, तर साधी पोचसुद्धा आली नाही.

मग ऑफिसातल्या एका बाईंनी मला एका सल्लागारांचा पत्ता दिला. आयुष्यभर संपादक म्हणून काम केलेले गृहस्थ, आता नवख्यांना पुस्तकाचा प्रस्ताव तयार करायला मदत करायचे. अंगानं भारदस्त, चष्मा कायम कपाळावर. पानं चाळून ते म्हणाले, "मावशी, प्रकाशकाला एवढा वेळ नसतो. पुस्तक कशाचं, ते तुम्हीच का लिहायचं, हे दोन पानांत सांगा. सोबत नमुन्याचं एक प्रकरण. आता सांगा, हे विकत कोण घेणार?"

"जिच्या सासूला आज सकाळी हॉस्पिटलातून घरी सोडलंय आणि हात कुठून लावायचा हेच जिला कळत नाहीये, ती."

त्यांनी पेन उचललं. "हेच पहिलं वाक्य."

नमुन्याच्या प्रकरणावर मात्र गाडी अडली. "'अलगद कुशीवर वळवावे' म्हणजे काय करावे? मला काही दिसत नाही."

सासूबाईंनी कोपऱ्यातल्या दिवाणाकडे बोट दाखवलं. "झोपा."

"अहो, मी नव्वद किलोचा आहे."

"झोपा तर खरं."

बिचारे झोपले. सासूबाईंनी त्यांचा पलीकडचा गुडघा दुमडला, एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवला आणि स्वतःकडे ओढलं. काही बोलायच्या आत गृहस्थ कुशीवर. कपाळावरचा चष्मा आपसूक नाकावर आला.

"पुन्हा करा," ते पडल्या पडल्याच म्हणाले, "आणि हात काय करतायत ते बोलत बोलत करा. सूनबाई, लिहून घ्या!"

पाच शनिवार हेच चाललं. ते वाक्यं छाटायचे, सासूबाई भांडून त्यातली काही परत घालायला लावायच्या. शेवटी ते पान माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. ज्यानं कधी उशीचा अभ्रासुद्धा बदलला नाही, त्यानं ते वाचून मला व्यवस्थित वळवलं, तेव्हा कुठे प्रकरण पास झालं.

प्रस्ताव तीन ठिकाणी गेला. एकाने नकार कळवला. दुसऱ्याने भेटायला बोलावलं, सल्लागारही सोबत आले. काचेचं ऑफिस, गार हवा. प्रकाशक खूश होते. "फक्त कव्हरवर एखाद्या डॉक्टरांचं नाव घालू. मावशींचं आत, आभारात."

मी सल्लागारांकडे पाहिलं. ते चष्मा पुसायला लागले.

"डॉक्टरांनी ओळ न् ओळ तपासावी," सासूबाई म्हणाल्या, "चूक असेल ती काढावी, प्रस्तावनाही लिहावी. पण एकतीस वर्षं माणसं मी वळवलीत. नाव माझं."

"मग अवघड आहे."

"बरं, येते," म्हणून त्या उठल्याच.

जिन्यात सल्लागार म्हणाले, "मी असतो तर हो म्हटलं असतं."

"तुम्ही कुठे कोणाला वळवलंय," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर मात्र जेवल्या नाहीत. फाइल मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "चुकलं का गं माझं?" त्यांनी एकदाच विचारलं. मी नाही म्हटलं आणि त्यांचं ताट झाकून ठेवलं.

तिसरीकडून अडीच महिन्यांनी फोन आला. छोटी संस्था, चालवणाऱ्या बाई एकट्याच. त्यांचे वडील घरात पडून होते आणि बाईंनी ते प्रकरण वाचून त्यांना वळवलं होतं. म्हणाल्या, "आठ महिन्यांत पहिल्यांदा बाबा कण्हले नाहीत." डॉक्टर तपासणार होते. नाव मात्र सासूबाईंचंच.

करार करताना सासूबाईंनी दोनच अटी घातल्या. अक्षर मोठं हवं आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की मिटता कामा नये. "वाचणारीचे दोन्ही हात पेशंटला लागलेले असतात," त्या म्हणाल्या.

बाईंनी तिथल्या तिथे छपाईवाल्याला फोन लावला.