बोस्टनच्या ग्लाफिराबाई

बेचाळीसच्या वसंतात, जर्मनांशी युद्ध ऐन भरात असताना, आमच्या सोव्हिएत रेजिमेंटला अमेरिकन बाँबफेकी विमानं मिळाली. नाव बोस्टन. इराणच्या वाटेने दुसऱ्याच तुकडीच्या वैमानिकांनी ती आणून सोडली. विमानं देखणी, इंजिनं दणकट, पण आतली एकूण एक पाटी इंग्रजीत. सोबत आलेली चार जाडजूड पुस्तकंही इंग्रजीतच. मी बाँब चढवणाऱ्या तुकडीत होते. आमच्यात ज्याला त्याला जर्मन येत होतं, शाळेत तेच शिकवत. इंग्रजीच्या नावाने सगळा शुकशुकाट!

मग कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या विणकरांच्या गावात शाळेत एक बाई आहेत. आमचे मेजर झुबोव स्वतः ट्रक घेऊन गेले आणि ग्लाफिरा सावेल्येव्ना यांना घेऊन आले. वय पंचेचाळीस, अंगाने काडी, पायात लोकरीच्या जाड नमद्याचे बूट, बगलेत शब्दकोश. इंग्रजी त्या स्वतःच पुस्तकांवरून शिकलेल्या. जिवंत इंग्रज माणूस जन्मात पाहिलेला नव्हता, आणि विमान तर फक्त डोक्यावरून जाताना.

त्यांना माझ्याच खोलीत जागा दिली. पहिल्याच दिवशी पुस्तक उघडून त्या म्हणाल्या, "अगं, यातला प्रत्येक शब्द मला येतो, पण वाक्य एकही कळत नाही."

दुसऱ्या सकाळी त्या पुस्तक घेऊन सरळ विमानाखाली जाऊन उभ्या राहिल्या. तिथे तीखोन गोर्देयिच होता, आमचा मुख्य मेकॅनिक. लग्नाच्या वर्षभरातच बायको गेलेली, जीभ तिखट.

"बाई, शाळा तिकडे. इथे कपड्यांना तेल लागेल."

"लागू दे. हे काय आहे?"

"पंखाच्या मागची झडप. उतरताना खाली सोडतात."

"म्हणजे पक्षी बसताना पिसं पसरतो, तसं?"

तीखोनने पान्हा खाली ठेवला. "अगदी तसंच. या, आत चढा."

त्या दिवसापासून दोघांची जोडीच जमली. शब्द बाईंचा, वस्तू तीखोनची. काळोख्या जागेत विमानाच्या पोटात पालथं पडून बाई वाचत, तीखोन हाताने चाचपून सांगे. मग बारीक कुंचल्याने लाल रंगात प्रत्येक पाटीखाली रशियन नाव लिहिलं जाई. मैलाचे किलोमीटर, फुटाचे मीटर, गॅलनचे लिटर, असे तक्ते त्यांनी करून दिले. वैमानिकांचा तर त्यांनी वर्गच भरवला. या विमानाला नाकाखाली चाक होतं. आमच्या विमानांना शेपटीखाली असायचं, त्यामुळे मंडळी सवयीने शेपूट आपटत उतरत.

"आधी मागची दोन चाकं टेकवा, मग नाक हळूच खाली," बाई बजावत.

एक जण मागून म्हणाला, "बाई, तुम्ही किती वेळा उतरवलंय?"

"एकदाही नाही. पण वाचलंय मी. तू तेही केलेलं नाहीस."

सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून शेपटी आपटणं कमी झालं.

जूनमध्ये पहिल्या मोहिमेचा हुकूम आला. नऊ विमानं दुपारी निघायची होती. सकाळी तीखोन टाकी भरत होता. तो थबकला, पुन्हा पंपाचं मीटर पाहिलं आणि बाईंना हाक मारली.

"तुमच्या तक्त्याप्रमाणे या टाकीत साडेचारशे लिटर मावायला हवं. इथे पावणेचारशेलाच तोंडाशी आलं."

"तुझं मीटर बिघडलंय."

"असेल. बादलीने मोजू."

दहा लिटरच्या बादलीने टाकी उपसली. उत्तर तेच. बाई धावत खोलीत आल्या, शब्दकोश उघडला आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली. इंग्रजांचा गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकनांचा जेमतेम पावणेचारचा. गॅलन दोन! बाईंनी इंग्रजांचा धरला होता, आणि त्याच तक्त्यावर सगळे मार्ग आखलेले होते.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसांत अशा चुकीला दुसरंच नाव मिळू शकत होतं, घातपात, आणि ते नाव मिळालेली माणसं परत येत नसत.

तीखोन दारात आला. हळूच म्हणाला, "मीटर बिघडलं होतं म्हणून सांगतो. चूक माझ्यावर घेतो."

"आणि मार्ग कोण बदलणार? तुझं मीटर?" बाई उठल्या. "चूक माझी आहे, मीच सांगणार."

आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग मेजरकडे गेलो. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. मेजरनी विचारलं, "न कळता विमानं उडाली असती तर?"

"परतताना पेट्रोल संपलं असतं. आपल्या शेतात उतरली असती, नाहीतर जर्मनांच्या अंगणात."

मेजरनी नकाशा पुढे ओढला. "नवा तक्ता करायला किती वेळ?"

"दोन तास."

"दीड घ्या. आणि जुना मला द्या." त्यांनी तो चार तुकडे करून शेगडीत टाकला. त्याबद्दल नंतर कधीच कुणी अवाक्षर काढलं नाही.

बाई आकडे सांगत गेल्या, मी लिहीत गेले, तीखोन तपासत गेला. मार्ग छोटे केले. दुपारी नऊ विमानं गेली. आम्ही गवतात बसून राहिलो, ताटातली लापशी तशीच गार झाली. संध्याकाळच्या उन्हात आवाज आला. बाई बोटांवर मोजत होत्या. आठ. थोड्या वेळाने नववं, एकाच इंजिनावर. त्याने आधी मागची चाकं टेकवली, मग नाक अलगद खाली. बाईंनी तीखोनचा तेलकट हात धरला होता, ते त्यांना फार उशिरा कळलं. तीखोनला पहिल्यापासूनच कळलं होतं, पण त्याने सांगितलं नाही.

आठवड्याने मेजर म्हणाले, "दुरुस्त झालेलं विमान तपासायला वर नेतोय. नाकाशी काचेच्या खोलीत जागा आहे. येणार?" बाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि चढल्या. अर्ध्या तासाने उतरल्या तेव्हा गाल लाल, डोळ्यांत पाणी. मी विचारलं, "भीती वाटली?"

"अगं, आमची शाळा दिसली! छपराला भोक पडलंय, कुणी सांगितलंच नाही मला."

युद्ध संपेपर्यंत त्या आमच्याबरोबरच राहिल्या. मग गावी परतल्या, तीखोनला घेऊन. ते भोक त्यानेच बुजवलं, आणि त्याच शाळेत सुतारकाम शिकवू लागला. मी दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाते. त्यांच्या वर्गातल्या पोरींना सफरचंदाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवत नाही, पण तेलाच्या पंपाला झोपेतही सांगतील. निरीक्षक तक्रार करतात. बाई त्यांना चहा देतात, सोबत गूजबेरीचा मुरंबा, आणि तीखोन अंगणातून ओरडतो, "साहेब, मुरंबा जपून! बाईंचं माप अमेरिकन आहे, सांगतात त्यापेक्षा कमी भरतं."