दारफाळणीच्या दिवशी विणलेलं टोपडं

माझ्या नाकावर कायम राग असतो, हे माझ्या मुलीपासून दवाखान्यातल्या आयांपर्यंत सगळ्यांनी मला सांगून झालंय. खरंच आहे ते. अख्खी नोकरी सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर बाई गोड कुठून बोलणार? पण माझे हात रिकामे बसत नाहीत. निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात सुया-लोकर घेतली आणि तेव्हापासून आदिलाबादच्या दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळांसाठी टोपडी विणते. आमच्याकडची थंडी हैदराबादच्या लोकांना सांगून पटत नाही. इथं सकाळी नळाखाली हात धरवत नाही, आणि त्यात कालच जन्मलेलं पोर!

पहिल्या वर्षी मात्र माझी चांगलीच फजिती झाली. मी मूळची अलिबागकडची, त्यामुळं माप घ्यायला हाताशी आला तो नारळ, तोही शेंडीसकट. चाळीस टोपडी विणली आणि चाळीसच्या चाळीस बाळांच्या नाकापर्यंत उतरली. वॉर्डातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी शहाणी झाले. पुऱ्या दिवसांच्या बाळासाठी सोललेला लहान नारळ, आणि दिवसांआधी आलेल्यासाठी निर्मलहून आणलेली लाकडी मोसंबी. खेळण्यातली रंगवलेली मोसंबी, पण खरीसारखी सुकत नाही की नासत नाही. आजतागायत तेच माप.

आम्ही यहुदी. कोकणातले बेने इस्राईल. आमचे वाडवडील शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. नवऱ्याची बँकेत नोकरी, बदली होऊन इथं आलो आणि इथलेच झालो. तो गेला, मी राहिले. गावात यहुद्यांचं घर माझं एकटीचं. म्हणून दरवर्षी नव्याच्या सणाआधी, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, मी ठाण्याला मुलीकडं जाते आणि सगळे सण उरकून परत येते. गाडीत बसल्यापासून सुया चालू. समोरची बाई हमखास विचारते, कोणासाठी, नातवासाठी का? मी म्हणते, अजून जन्मला नाही तो, माझी त्याची ओळख नाही. मग ती बाई लोकरीचा गुंडा धरून बसते आणि तिचं स्टेशन आलं की नाइलाजानं माझ्या मांडीवर ठेवून उतरते.

वर्षारंभानंतर दहाव्या दिवशी आमचा मोठा उपास. आमची जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणायची. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत दार लावायचं, पांढरे कपडे घालायचे, पाणीसुद्धा प्यायचं नाही, काम करायचं नाही, बाहेरच्यांशी बोलायचं नाही. वर्षाचा हिशेब देवाला द्यायचा. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्या की दार उघडायचं. त्याच्या पुढचा दिवस शिळा सण, त्या दिवशी दानधर्म करायचा आणि घरोघर भेटायला जायचं. टोपड्यांची वर्षातली पहिली पिशवी मी दवाखान्यात देते ती याच दिवसाच्या नावानं, फक्त ठाण्याहून परत आल्यावर.

माझ्या भिंतीला भिंत लागून बाईंचं घर आहे. बाई म्हणजे शाळेच्या बाई, आता निवृत्त. भीमपूरकडच्या. आईबाप लोकांच्या शेतात कापूस वेचायचे, आणि ही त्यातून शिकून मराठी शाळेत मास्तरीण झाली. बौद्ध घर, बुद्धाच्या मूर्तीपुढं रोज मेणबत्ती. गल्लीला दारफाळणी समजावून सांगितली ती याच बाईंनी. नवरा गेला त्या वर्षी मी इथंच होते, तेव्हा दूधवाल्यापासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी दम भरला होता, "उद्या सिस्टरबाईचं दार वाजवायचं नायी म्हंजे नायी." तेव्हापासून ती गल्लीची रीत झाली. मी ठाण्याला असले तरी त्या दिवशी कोणी माझं दार वाजवत नाही, म्हणे.

बाईंचा मुलगा हैदराबादला कामाला, सून सासूजवळ. ही सून माझी लाडकी. लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला विणायला शिकवलं, आणि माझ्यापेक्षा तिचा हात सफाईदार झाला. पहिल्या खेपेला तिनं बाळासाठी पिवळा स्वेटर विणला. बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं जन्मलं, दोन दिवस जगलं आणि तिच्या कुशीतच थंड झालं. त्यानंतर तिनं माझ्या सुया मला आणून दिल्या. म्हणाली, "मावशी, मले नको आता. अन् माह्यासाठी तुमीबी काही विणू नका." तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं हे मला पुन्हा बजावलं. म्हणून त्या बाळासाठी कुठं एक झबलंही नव्हतं, टोपडं तर सोडाच.

गेल्या वर्षी मी ठाण्याला होते. नव्याचा सण झाला आणि बाईंचा फोन आला. "सगळं बरं हाय जी. डाक्टरनं पडून राह्याले सांगतलं फक्त." एवढंच. पण आवाज! बाळंतिणींच्या सासवांचे आवाज मला पाठ आहेत. मी पिशवी भरली. मुलगी वैतागली. "आई, दारफाळणी तोंडावर आली आणि तू तिथं एकटीनं दार लावून बसणार? इथं सिनेगॉग आहे, माणसं आहेत!" मी म्हटलं, "माणसं तिथंही आहेत." आणि गाडीत बसले.

घरी पोचले त्याच संध्याकाळी उपास सुरू होणार होता. बाईंकडं डोकावले, सून पलंगावर पडून होती, ठीक दिसली. माझा जीव भांड्यात पडला. जेवून घेतलं, पांढरं पातळ नेसले आणि सूर्य बुडायच्या आत दार लावून कडी घातली.

सकाळी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले, तर दारात कोणी खोकलं. तो खोकला मी हजारांत ओळखीन, खडूनं धरलेला घसा आहे तो. बाई पायरीवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता वाजवतील. नाही वाजवलं. मी पान उलटलं. पुन्हा खोकला, मग नाक ओढल्याचा आवाज. मी वाट पाहते आहे त्यांनी वाजवायची, आणि त्या बसल्यात माझ्या देवाला त्रास नको म्हणून! किती वेळ गेला कोण जाणे. ज्या बाईंच्या आवाजासाठी मी ठाण्याहून आले त्या दाराच्या एक वीत पलीकडं रडत होत्या आणि मी त्यांनी रीत मोडायची वाट पाहत होते. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते. बाकी वर्षाच्या सगळ्या पापांची मिळून वाटत नाही तेवढी.

कडी काढली आणि ओरडलेच. "काऊन बसल्या इथं? हात मोडलेत का वाजवायला?"

त्या दचकून उठल्या. "तुमचा सण हाय ना जी."

"खड्ड्यात गेला सण! काय झालं?"

सुनेला रात्रीच दवाखान्यात नेलं होतं, पहाटे ती बाळंत झाली होती. मुलगी. दीड किलोसुद्धा नाही, पण रडली होती, श्वास घेत होती. लहान बाळांच्या खोलीत ठेवली होती. "पन सून घेत नायी जी तिले," बाई म्हणाल्या. "नर्सबाई कितीदा सांगून गेली, छातीशी घ्या, तुमची ऊब लागते तिले. हे भिंतीकडं तोंड करून पडली. म्हंते, म्या हात लावला की मरते."

मी चपला घातल्या. जीव वाचवायचा असेल तर आमच्या धर्मात त्या दिवशीही सगळं माफ आहे, नुसतं माफ नाही, करायलाच हवं. बाईंनी विचारलं, "लोकरीची पिशवी घेऊ का?" मी म्हटलं, घ्या. ऑटो केला. दार लावायचं ध्यानातच राहिलं नाही.

वॉर्डात सून खरंच भिंतीकडं तोंड करून होती. मी पाठीवर हात ठेवला, समजावलं, मग रागावले, मग पुन्हा समजावलं. तीस वर्षांत असल्या शंभर पोरींना मी बोलतं केलं असेल. हिच्यापुढं माझं काही चालेना. दुसरं पोर तिच्याच कुशीत गेलं तेव्हा मीच तिच्या हातातून ते घेतलं होतं. मी काय तोंडानं सांगणार, की काही होत नाही?

नर्स येऊन सांगून गेली की दवाखान्याची कापडी टोपी बाळाला ढिली होते, सध्या पट्टीनं बांधली आहे. बाईंनी सुया माझ्यापुढं धरल्या. मी हात मागं घेतला. पट्टीनं भागत होतं, म्हणजे माझं विणणं काही जीव वाचवायला नव्हतं, ती नुसती माझ्या हातांची खाज. दार उघडलं, ऑटोत बसले, ते खऱ्या कारणासाठी. देवाशी लबाडी कशाला?

"मंग सांगा मले," बाई म्हणाल्या, "कसं करायचं ते."

बाईंना जन्मात विणता आलं नाही. दोन हिवाळे मी डोकं फोडलं होतं. पण बसल्या बिचाऱ्या स्टुलावर, जाड चष्मा लावून, आणि मी तोंडानं सांगायला लागले. दोन सुलट, दोन उलट. टाका गळला. उचला. तो नव्हे, खालचा! घट्ट काऊन ओढता, दोरखंड आहे का? उपासानं माझं डोकं ठणकत होतं आणि माझा आवाज चढत होता. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण हसायला लागली. चार ओळी झाल्या, त्या चारही चार दिशांना. बाईंनी पाचवी सुरू केली, चुकीच्या बाजूनं, आणि मी कपाळावर हात मारला.

"आत्या, उलटी धरली तुमी सुई."

भिंतीकडून आवाज आला होता. सून उठून बसली, सासूच्या हातातून विणकाम ओढून घेतलं आणि विणायला लागली. रडत होती, पण हात चालू. झरझर आठ-दहा ओळी. लोक मला म्हणतात, सिस्टरबाई, तुम्ही मुद्दाम केलं ते. अजिबात नाही. मी खरंच चिडले होते.

मग तिचे हात थांबले. "मावशी, टाके कुठून कमी करू? माप किती?"

मोसंबी घरी राहिली होती. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? डोकं तुझ्या पोरीचं, घेऊन ये माप."

ती माझ्याकडं नुसती पाहत राहिली. मी पाहिलं दुसरीकडं. बाईंनी लोकरीचा हातभर धागा तोडून तिच्या हातात दिला. ती उठली, भिंतीला धरत धरत लहान बाळांच्या खोलीकडं गेली. आम्ही दाराच्या काचेतून पाहत होतो. तिनं हात धुतले, धागा बाळाच्या डोक्याभोवती धरला, आणि बाळानं तोंड तिच्या बोटांकडं वळवलं. एवढंच केलं त्या पोरीनं. नर्सनं खुर्ची पुढं सरकवली, सुनेच्या पोलक्याची बटणं काढली आणि पोर उचलून तिच्या छातीवर ठेवलं. बाहेर येऊन बाईंना म्हणाली, "पापा बागुंदी." पोर बरी आहे. बाईंना एवढं तेलुगु उत्तम येतं, तरी त्यांनी मला तीनदा विचारलं काय म्हणाली म्हणून.

संध्याकाळी वॉर्डाच्या व्हरांड्यातून चांदण्या दिसल्या तेव्हा बाईंनी आणलेल्या थर्मासच्या चहानं मी उपास सोडला. घरी आले तर दार सकाळपासून सताड उघडं, आणि गल्लीतली एक बाई पायरीवर तांदूळ निवडत बसलेली. म्हणाली, "आज तुमचं दार बंद राह्यते ना, म्हून बसली इथं, कोनी आत जाऊ नये."

टोपडं दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला पुरं झालं. खालच्या चार ओळी वेड्यावाकड्या आणि वर सुबक. उसवून नीट कर म्हटलं तर सून ऐकेना. धुऊन, उन्हात वाळवून पोरीला घातलं. महिन्याभरानं पोर घरी आली. टोपडं तिला लवकरच लहान झालं. यंदा मी टोपडी जमवायला लागले तेव्हा सुनेनं ते पुन्हा धुतलं आणि माझ्या दवाखान्याच्या पिशवीत टाकलं, वर स्वतः विणलेली सहा. सगळी मोसंबीच्या मापाची. मी म्हटलं, "अगं, ते एक तरी ठेव आठवण म्हणून."

"आठवण हे काय, रांगून राह्यली," ती म्हणाली.

यंदा मी ठाण्याला गेलेच नाही. दारफाळणीला इथंच पांढरं नेसून, दार लोटून बसले. दुपारी दारावर थापा पडायला लागल्या. अगदी खालच्या फळीवर, ओल्या तळहाताच्या. बाहेरून बाईंचा दबलेला आवाज, "अवो माय, नको नको, आज आजीचं दार वाजवत नसतेत!" थापा थांबेनात.

"राहू द्या बाई," मी आतून म्हटलं. "कडी लावलेली नाही. ढकलू द्या तिला."

तिला ढकलायला बराच वेळ लागला. आत आली, गुडघ्यांवर, हाश्शहुश्श करत. मी तिला मांडीवर घेतलं आणि प्रार्थनेचं पुढचं पान वाचायला लागले.